दाजीबांचं उरलेलं प्यादं

दाजीबा देशमुखांचा घोडा दुपारी चालत नसे. सूर्य डोक्यावर आला की तो असेल तिथे उभा राही, आणि ऊन कलेपर्यंत त्याला हलवायचं नाही असा दाजीबांचा दंडक होता. ज्याने वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन अंगावर घेतलं आहे तो म्हणेल, माणूस दयाळू दिसतो. अडचण एवढीच, की हा घोडा शिसवी लाकडाचा, माझ्या अंगठ्याएवढा, बुद्धिबळाच्या पटावरचा होता; आणि तो पट निंबाच्या गार सावलीत मांडलेला असे.

"जनावर हाये ते," दाजीबा म्हणत. "या वक्ताले पयवू नये त्याले."

"अन् हत्ती?" मी विचारलं होतं.

"हत्तीचं कातडं जाड रायते."

"उंट?"

"उंट त उन्हातलाच हाये बावा. शिकला कोन्या गावात तू?"

मी ज्या गावात शिकलो त्या गावाचं नाव मी तेव्हाही सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही. गावाचा त्यात काही दोष नव्हता.

ही गोष्ट कापसाच्या तेजीची. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊबंदकीची लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि त्यापायी आमच्या उमरावतीत ज्याच्या घरी चार बोंडं फुटली तो स्वतःला राजा समजू लागला. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो आज जरीचा रुमाल बांधून बाजारात फिरू लागला. बडनेऱ्याकडे आगगाडीसाठी मातीचे बांध पडत होते. पण गाडी यायची होती, म्हणून सगळा कापूस बैलगाड्यांवरच. खोलापुरी दरवाज्यातून उजाडल्यापासून चाकांची करकर सुरू होई, ती दिवेलागणीपर्यंत थांबत नसे.

त्या दरवाज्याच्या आत, परकोटाच्या भिंतीला लागून दाजीबांचा ओटा. मागे घर, पुढे निंब, निंबाखाली पट. एकेकाळी या ओट्यावर डावासाठी पाळी लावावी लागे. तेजी आली आणि एकेक भिडू उठून गेला. कोणी दलाली धरली, कोणी जिनिंगची जागा बघायला लागला. ज्याला यातलं काहीच जमलं नाही तो नुसताच भाव विचारत हिंडू लागला. दाजीबांचे दोघे मुलगेही गेले, थोरला खामगावला आणि धाकटा थेट मुंबईला. येत तेव्हा ओट्यावर उभ्याउभ्याच मुंबईचा भाव सांगत. बापाची तब्येत विचारायची तेवढी राहून जाई. दाजीबांची बायको मुलं लहान असतानाच वारली होती. घरात स्वयंपाकाला एक म्हातारी येई, ती ठार बहिरी. म्हणून दाजीबा मोहऱ्यांशी बोलत.

ओट्यावर शेवटी एकच भिडू उरला. तो मी.

मी का उरलो, हे सांगायला हवं. मी एका दलालाकडे कापसाच्या गाठी रवाना करायच्या कामावर होतो. एकदा खामगावला जायच्या गाड्या मी मोर्शीला धाडल्या. मोर्शीवाल्यांनी त्या परत धाडल्या, त्या दर्यापुराच्या वाटेने गेल्या. दर्यापुराहून त्या कुठे गेल्या हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्यानंतर उमरावतीतला कोणीही दलाल मला गाठीला हातच काय, गाडीला टेकूही देऊ देईना. दुपारी मला ओट्यावर यायला भरपूर सवड मिळू लागली.

दाजीबांकडे खेळायचं म्हणजे त्यांचे कायदे पाळायचे. "मारलं" हा शब्द तिथे चालत नसे. मोहरं "घरी बसवायचं". घरी बसवलेली मोहरी पटाबाहेर आडवी टाकायची नाहीत. एका घडी केलेल्या उपरण्यावर ओळीने उभी करायची, तोंडं पटाकडे. "बसले त बसले, पाहू त देजो त्याईले," असं ते म्हणत. प्यादं पुढे सरकवण्याआधी दाजीबा त्याच्या डोक्यावरून बोट फिरवत आणि हळूच म्हणत, "जाय. भिऊ नोको." माझं प्यादं ते घरी बसवत तेव्हाही त्याच्या डोक्यावरून बोट फिरवीत. मला मात्र "भिऊ नोको" असं कधी कोणी म्हटलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठा कायदा: समोरच्याचं शेवटचं मोहरं ते कधीच घेत नसत.

आता ज्यांना आमचा देशी खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्याकडे समोरच्याची सगळी मोहरी खाऊन त्याचा राजा पटावर नागवा एकटा करून सोडला, की त्याला म्हणतात बुर्जी. बुर्जी झाली की डाव मोडला. जिंकणं नाही, हरणं नाही. म्हणजे ज्याला मात करायची आहे त्याने राजाजवळ एक तरी सोबती शिल्लक ठेवायलाच हवा. आणि मातेतही मान आहे. वजिराने मात कोणीही करतो. प्याद्याने मात केली, की तिला प्यादमात म्हणतात आणि लोक उठून उभे राहतात.

बाकीचे भिडू हे कायदा म्हणून पाळत. दाजीबांना तो मनापासून पटत असे. "राजाले एकटं करू नये," हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की समोरच्या पानवाल्याचा पोपटही ते बोलायला शिकला होता.

आमचे डाव लांबत. मी हरे, नेहमीच हरे, पण फार उशिरा हरे. माझं एखादं प्यादं शेवटपर्यंत तग धरून राही आणि दाजीबा त्याच्याभोवती फेऱ्या घालत बसत. यावरून मी एक अनुमान काढलं. दाजीबा वऱ्हाडातले पहिले, आणि जो त्यांना एवढा वेळ झुंजवतो तो दुसरा. अनुमान सरळ होतं. त्यात खोट अशी मला कुठे दिसली नाही.

हे अनुमान मी अकोल्याला बोलून दाखवलं, आणि घोटाळा झाला.

अकोल्याला मी कामाच्या शोधात गेलो होतो. मोर्णा नदीच्या काठी हमीदभाईंची कापसाची वखार होती. हमीद जेमतेम पंचविशीचा. रंगाऱ्याचा मुलगा, तेजीत वर आलेला, अंगात मलमलीचा अंगरखा आणि बोलण्यात मध. बुद्धिबळात अकोल्यापासून खामगावापर्यंत त्याला कोणी जोड नव्हता. मोर्शी-दर्यापुराची हकीकत अकोल्यात अजून पोचली नव्हती, म्हणून त्याने मला काम द्यायचं कबूल केलं. त्या आनंदात मी एक डाव खेळलो. माझा विडा रंगायच्या आत हमीदने मला मात केली.

"भाऊ, तुमी म्हन्ता तुमी वऱ्हाडात दुसरे," तो अदबीने म्हणाला. "मंग पयले कसे असन?"

मी चिडलो. चिडून दाजीबांची कीर्ती सांगितली. त्यांच्या प्यादमाती सांगितल्या, उपरणं सांगितलं, आणि बोलता बोलता दुपारचा घोडाही सांगितला. हमीद हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "खरंच नाई हालवत? डाव जात असला तरी?"

"प्राण गेला तरी नाही," मी छाती पुढे काढून म्हणालो.

गाड्यांच्या पुढच्या तांड्याबरोबर हमीद उमरावतीला आला. ओट्यापाशी जोडे काढून दाजीबांच्या पाया पडला.

"चाचा, तुमच्या संगं एक डाव. इजाजत द्या."

"बस ना लेका. त्याले इजाजत कायची?"

"असा नाई. शर्तीचा. मी जितलो त हा पट अन् हे मोहरे अकोल्याले नेतो. तुमी जितले त मागसान ते देतो. बुर्जी झाली त मी हारलो असं समजा. मात करीन तवाच नेईन."

दाजीबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अकोल्याला बिऱ्हाड हलवणार हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. पण माझ्या बायकोने भांडी बांधायला काढली होती, आणि आमच्या गल्लीत भांडी बांधली गेली की नागपुरी दरवाज्यापर्यंत आवाज जातो.

"याले नेऊन राहिला म्हन्ते तू?"

"कामावर. हाव चाचा."

"मागसान ते देशीन?"

"जबान हाये."

"ठीक हाये मंग."

लोक जमले होते, त्यांनी आपसांत लगेच निकाल लावला. देशमुख जिंकले तर मला मागून घेतील. हरले तर पटही जाईल आणि भिडूही जाईल. मग त्या ओट्यावर बसायचं कोणासाठी? मला स्वतःला काय हवं होतं ते मला कळेना. काम गेलं तर खाणार काय? आणि दाजीबा हरले तर मी तोंड कुठे लपवू? मला कोणी मागून घेईल ही कल्पना मात्र सुखाची होती. तोपर्यंत मला लोकांनी फक्त परत पाठवलं होतं.

हमीदने वेळ मागितली सूर्य माथ्यावर आल्यावरची. मी खाली बघितलं. दाजीबांनी वर, सूर्याकडे बघितलं, आणि मोहरी मांडली.

हमीदने पहिल्यापासून घोड्यांवरच रोख धरला. दाजीबांचा एक घोडा हत्तीच्या वाटेत सापडला. एक उडी आणि तो सुटला असता. दाजीबांनी घोड्याच्या मानेवरून बोट फिरवलं आणि दुसरीकडचं एक प्यादं सरकवलं. घोडा गेला. थोड्या वेळाने दुसराही तसाच गेला.

"देशमुख, चालवा ना जी!" मागून कोणी ओरडलं.

"ऊन हाये," दाजीबा म्हणाले.

मग मात्र हमीदला भूक लागली. उंट गेला, हत्ती गेला, प्यादी गेली. मोहरं घेतलं की तो ते नखाने उडवून पटाबाहेर टाके. दाजीबा वाकून ते उचलत, पुसत आणि उपरण्यावर उभं करत. हमीदचा वजीर लुटालूट करत पार दुसऱ्या कोपऱ्यात पोचला होता. इकडे त्याचा राजा घरच्या कोपऱ्यात, बाजूला स्वतःचा घोडा, पुढे स्वतःचं प्यादं, असा आपल्याच माणसांत गच्च बसलेला. दाजीबांचा राजा मात्र एकेक घर चालत, पाहुणा निघावा तसा, त्याच्या अंगणात येऊन उभा होता. मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, म्हातारा घाबरून पळतोय. वऱ्हाडातला दुसरा खेळाडू मी.

आता दाजीबांजवळ राजा आणि एक तांबडं प्यादं, एवढंच उरलं.

"जाय," दाजीबा म्हणाले. "भिऊ नोको." आणि ते प्यादं त्यांनी हमीदच्या प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवलं.

हमीदचा हात पुढे आला आणि हवेत थांबला. घ्यायला काहीच अडचण नव्हती. पण ते घेतलं की दाजीबांचा राजा एकटा. बुर्जी. आणि बुर्जी म्हणजे हार, हे त्याच्याच तोंडचे शब्द. समोरचा पोपट नेमका तेव्हाच बोलला, "राजाले एकटं करू नये." लोक हसले. हमीदचे कान लाल झाले. त्याने हात मागे घेतला, आणि दूरचा वजीर मातेच्या तयारीने एक लांब मजल आत आणला. आणखी एक खेळी मिळाली, की मात त्याचीच.

ती खेळी त्याला मिळाली नाही. दाजीबांनी प्याद्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि ते एक घर पुढे सरकवलं.

"शह."

हमीदने राजाला हात लावला. बाजूला आपला घोडा, पुढे आपलं प्यादं. शह देणारं प्यादं खावं, तर त्याच्या पाठीशी दाजीबांचा राजा उभा. वजीर लांब. हमीद कितीतरी वेळ पाहत राहिला. मग त्याने स्वतःचा राजा अलगद उचलला, आणि आडवा न टाकता उपरण्यावर नेऊन उभा केला.

"प्यादमात," तो म्हणाला, आणि पहिला उठून उभा राहिला तो तोच.

"घोडे तुमी जानून देल्ले ना, चाचा?"

"जानून कोन देते रे? ऊन होतं." दाजीबा मोहरी गोळा करू लागले. "तुह्या हातात खेळ हाये, लेका. तुले घेता येते. थांबता येत नाई. थांबला असता त तुह्या राजाच्या अंगनात माणूस येऊन उभा रायला, ते दिसलं असतं."

"मागा चाचा. जबान देल्ली हाये."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी रुमाल नीट केला.

"याले नेऊन राहिला ना तू," दाजीबा म्हणाले, "त याले गाठी धाडाचं काम देऊ नोको. तराजूपाशी बसवजो. तराजू कोठी जात नाई."

लोक फसकन हसले. मीही हसल्यासारखं केलं.

"अन् रोज एक डाव याच्या संगं खेळत जाय. पन शेवटचं मोहरं ठेवत जाजो याचं. फेऱ्या घालत बसजो. याले वाटते, आपून खेळून राहिलो."

या वेळी कोणी हसलं नाही. म्हणजे लोक हसलेही असतील. मला ऐकू आलं नाही. आजवर लांबलेले ते सगळे डाव माझ्या डोळ्यांपुढून गेले, आणि प्रत्येकात एक म्हातारा माझ्या एकुलत्या प्याद्याभोवती विनाकारण फिरत होता.

"बस्स, चाचा? अखीन काई?"

"तुह्या गाड्या उमरावतीले येतीन, तवा याले संगं धाडजो. बस्स."

निघायच्या दिवशी मी ओट्यावर गेलो. मी हवापाण्याचं बोललो. दाजीबांनी माझ्या हातात ते तांबडं प्यादं ठेवलं.

"हे तुह्यापाशी राहू दे. याच्या बिगर डाव मांडता येत नाई. म्हून घेऊन येजो."

"मग तुम्ही इकडे कोणाशी खेळाल?"

"कोनाशी खेळाले सवड हाये इथं? जाय. भिऊ नोको." आणि माझ्या डोक्यावरून त्यांनी एक बोट फिरवलं.

अकोल्यात माझं बरं चाललं. तराजू खरंच कुठे जात नाही. हमीद रोज एक डाव खेळे आणि शर्त पाळून फेऱ्या घाली. पण त्याला फेऱ्या घालता येत नसत, मधेच जांभई देई. मग तोही हळूहळू शिकला. पावसाळ्यात चिखलाने गाड्या बंद राहिल्या, म्हणून मला उमरावतीला जायला मिळालं ते थेट कापूस फुटल्यावर. प्यादं हरवू नये म्हणून मी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. बडनेरा मागे पडलं आणि मला आठवलं, की ते देव्हाऱ्यातच आहे.

खोलापुरी दरवाज्यातून मी गुन्हेगारासारखा आत शिरलो. भर दुपार होती. दाजीबा ओट्यावर बसले होते. पट मांडलेला, समोर कोणी नाही. ते थोडे वाळले होते.

"दाजीबा, ते प्यादं..."

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि बसकराखाली हात घालून एक प्यादं काढलं. तसंच तांबडं, मान किंचित वाकडी. लाखेचा रंग असा करकरीत होता, की त्याला कोणाचं बोट लागलं नसावं.

"हे केव्हा कोरलं?"

"तुही गाडी दरवाज्याबाहीर गेली नसन, तवाच."

"अन् मग मला ते दिलं कशाला?"

"बस खाली. लय बोलते तू." त्यांनी नवं प्यादं रिकाम्या घरात ठेवलं, आणि पहिल्याच खेळीला घोडा उचलून प्याद्यांच्या रांगेवरून बाहेर काढला.

मी वर पाहिलं. सूर्य बरोबर माथ्यावर होता.

"दाजीबा, ऊन..."

"असू दे रे," ते घोड्याच्या मानेवरून बोट फिरवत म्हणाले. "तू गेला तसा उभाच हाये तो. पाय मोकळे करू दे त्याले."